लेस चावते तेव्हा: हॉकी स्केट आणि पायदुखी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवी चप्पल चावते, नवा बूट चावतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आइस हॉकीच्या स्केटमध्ये मात्र बूट जुना झाल्यावरही त्याची लेस चावते, आणि ती टाचेला किंवा करंगळीला न चावता घोट्याच्या पुढच्या बाजूला, जिथे पाऊल आणि नडगी जुळतात तिथे चावते. एका हंगामात मी हे दुखणं महिनाभर अंगावर काढलं. दुखतंय म्हणजे पाय बुटात हलत असणार असं वाटून मी दर वेळी लेस आणखी आवळत गेलो आणि दुखणं वाढत गेलं. त्यानंतर बर्फावरच्या सोबत्यांनी आणि लहान खेळाडूंच्या पालकांनी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरं इथे आहेत.

नेमकं दुखतं काय?

घोट्याच्या पुढे बोट ठेवून पाऊल वर उचला. बोटाखाली एक जाड दोरी ताणली जाते. नडगीच्या पुढच्या स्नायूची ही कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी. पाऊल वर उचलायचं काम तिचं. तिच्या शेजारून अंगठा आणि बोटं उचलणाऱ्या कंडरा जातात. या जागी मांस किंवा चरबी जवळजवळ नसते. वर कातडी, खाली हाड आणि मधे या दोऱ्या. स्केटिंग करताना गुडघा वाकतो, नडगी पुढे झुकते आणि बुटाच्या जिभेवर टेकते. जिभेवरून लेस आडवी गेलेली असते. प्रत्येक पावलाला कंडरा त्या आडव्या लेसखाली पुढेमागे सरकते. दाब जास्त असेल तर तिच्याभोवतीचं आवरण सुजतं. सुजलेली जागा आणखी दाबली जाते आणि दुखणं स्वतःच स्वतःला वाढवत राहतं.

माझं दुखणं लेसमुळेच आहे हे कसं ओळखायचं?

जागेवरून बरंच कळतं. घोट्याच्या पुढे आडवी लाल रेघ, तिथे दाबल्यावर कळ, अंगठा वर उचलताना दुखणं, कधी तिथे बोट ठेवून पाऊल हलवल्यावर करकर जाणवणं, ही लेस चावल्याची खूण. बूट काढल्यावर थोडं बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पुन्हा जाणवतं.

पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येत असतील, किंवा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधली बेचकी बधिर होत असेल, तर कंडरेबरोबर नसही दाबली जाते आहे. त्या बेचकीतल्या कातडीची संवेदना नेणारी नस घोट्याच्या पुढूनच, लेसच्या खालून जाते. हे लक्षण मी दुखण्यापेक्षा जास्त गंभीर मानतो. कळ सहन करून खेळणारे पुष्कळ असतात, पण बधिरपणा आला की लेस तेव्हाच्या तेव्हा सैल करा, खेळ मधेच थांबवावा लागला तरी.

तळपायाच्या कमानीत पेटके येत असतील तर कारण बहुधा वेगळं असतं. त्याबद्दल खाली लिहिलंय.

मी लेस घट्ट बांधतो ते घोटा लचकू नये म्हणून. सैल केली तर घोटा डगमगणार नाही का?

सगळा घोळ या प्रश्नाशी सुरू होतो. आजच्या हॉकी स्केटचा बूट चांगलाच ताठ असतो. घोट्याला बाजूंनी आधार देतात त्या बुटाच्या भिंती. लेसचं काम एवढंच की टाच मागच्या खोबणीत बसलेली राहावी आणि भिंती पायाला लागून राहाव्यात. बूट पायाच्या मापाचा असेल तर त्यासाठी फार जोर लागत नाही. हाताला वळ उठेपर्यंत लेस ओढावी लागत असेल तर बूट मोठा तरी आहे, रुंद तरी आहे, किंवा त्याच्या भिंती मऊ पडल्या आहेत. मापाची उणीव आपण लेस आवळून भरून काढतो आणि तिचा भार घोट्यापुढच्या त्या नाजूक जागेवर येतो.

नवशिक्यांचे घोटे आत कलतात ते बहुतेकदा ताकद आणि तोल अजून आलेला नसतो म्हणून. स्केटच्या पात्याची धार एकसारखी लावलेली नसली तरी असं होतं. दोन्हींवर घट्ट लेस हा उपाय नाही.

मग किती घट्ट बांधायची?

संपूर्ण बुटाला एकच ताण देऊ नका, हे माझं पहिलं सांगणं. बुटाचे चार टप्पे धरा.

चवड्यावरची पहिली दोन-तीन भोकं सैलसर, बोटं आत हलली पाहिजेत. तिथून वर पावलाच्या उंचवट्यापर्यंत अंगाला लागेल इतपत, मोजा नीट चढवल्यासारखं. मग घोट्याच्या वळणाच्या अगदी खाली एक-दोन भोकांवर सगळ्यात घट्ट, कारण टाचेला मागे धरून ठेवणारा ताण हाच. आणि सगळ्यात वरच्या दोन भोकांवर पुन्हा सैल. वर आपण सवयीने सगळ्यात जास्त जोर लावतो, कारण शेवटचा हिसका तिथेच बसतो आणि गाठही तिथेच येते. लेस चावते तीही तिथेच.

तपासायला सोपी रीत: बांधून झाल्यावर उभे राहा आणि गुडघे वाकवून खेळायच्या पवित्र्यात या. टाच उचलली न जाता नडगी सहज पुढे झुकली पाहिजे. वरच्या टोकाला जीभ आणि नडगी यांच्यामध्ये एक बोट जेमतेम सरकलं तर ताण ठीक आहे. नडगी पुढे जाईचना, असं वाटलं तर वरच्या दोन भोकांवरची लेस सैल करून पुन्हा बांधा.

खालचा ताण टिकवून वरचा सैल कसा ठेवायचा? ओढताना सगळंच एकसारखं होतं.

दोन युक्त्या आहेत. पहिली, घोट्याच्या वळणाखाली लेसच्या दोन टोकांना एकमेकांभोवती दोनदा पीळ द्या. नेहमीच्या गाठीच्या पहिल्या अर्ध्यात आपण एकदा पीळ देतो, इथे दोनदा. खालचा ताण त्या पिळाशी अडकतो आणि वरची लेस मोकळी राहते. हा पीळ दुखऱ्या जागेच्या बरोबर वर येऊ देऊ नका, नाहीतर तोच टोचतो.

दुसरी युक्ती लेसच्या जातीची. मेण लावलेली लेस जिथे ओढाल तिथे घट्ट धरून राहते, म्हणून टप्प्याटप्प्याने वेगळा ताण देता येतो. बिनमेणाची लेस भोकांतून सरकत राहते आणि ताण हळूहळू सगळीकडे सारखा होतो. काहींना ते सरकणंच आवडतं, कारण पाय हलला की लेस जुळवून घेते. मला मेणाची लेस बरी वाटते, पण ती आवळून बसली की खेळताना आपणहून सैल होत नाही, त्यामुळे बांधतानाच हात आखडता ठेवायला लागतो.

दुखऱ्या जागेवरून लेस जाऊच नये असं करता येतं का?

येतं, आणि दुखणं सुरू झालेलं असेल तर सगळ्यात आधी हेच करून बघा. बूट घालून बोटाने दुखरी जागा शोधा आणि ती कोणत्या भोकांच्या पातळीवर येते ते बघा. त्या पातळीच्या खालपर्यंत नेहमीसारखी तिरपी लेस ओवा. तिथे पोहोचलात की डावी लेस डाव्याच बाजूने सरळ वरच्या भोकात घाला आणि उजवी उजव्या बाजूने. त्या जागी जिभेवरून काहीच आडवं जात नाही. मग पुढे पुन्हा तिरपी ओवा. जिभेवर एक खिडकी तयार होते आणि कंडरेला श्वास घ्यायला जागा मिळते.

दुखणं अगदी वरच्या टोकाला असेल तर सगळ्यात वरचं भोक रिकामंच सोडा. मुरलेले कित्येक खेळाडू ते कायमचंच सोडतात, कारण घोटा पुढे जास्त वाकतो आणि स्केटिंग करताना पाऊल लांब पडतं. पहिले एक-दोन तास पाय मोकळा मोकळा वाटेल. तोल नवा शोधावा लागतो, म्हणून हा बदल सामन्याच्या दिवशी करू नका, सरावाला करा.

उरलेली लेस घोट्याभोवती गुंडाळली तर चालेल का?

नको. घोट्याभोवती लेसचे वेढे देणं किंवा वरून चिकटपट्टी आवळणं म्हणजे ज्या कंडरेला सैल सोडायचं तिच्यावर दोरखंड कसणं. मागच्या बाजूने हाच वेढा टाचेच्या वरच्या जाड कंडरेलाही कापतो. लेस उरत असेल तर ती लांब आहे, आखूड आणा. मोठ्यांच्या स्केटला साधारण 244 ते 305 सेंटीमीटर लांबीची लेस लागते, माप आणि भोकांच्या संख्येप्रमाणे कमीजास्त.

बुटाच्या जिभेचा यात काय वाटा?

लेसइतकाच मोठा, आणि तिकडे फार कमी जण बघतात. लेसचा दाब पायावर पसरवून देणं हे जिभेचं काम. नवी जीभ जाड असते. शे-दोनशे तासांच्या घामाने आणि दाबाने ती लेसच्या रेघेवर चेपली जाते. बूट उघडा, जीभ पुढे ओढा आणि आतल्या बाजूला हात फिरवा. आडव्या खाचा हाताला लागत असतील, मधला भाग पापडासारखा पातळ झाला असेल, तर लेस कितीही नीट बांधा, ती चावणारच. पुष्कळ स्केटची जीभ बदलता येते. काहींची शिवण उसवून नवी शिवावी लागते, काहींची नुसती काढून बसवता येते. अख्खा बूट बदलायच्या आधी हे विचारून घ्या.

फेल्टच्या, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड कापडाच्या जिभेत पातळ आणि जाड असे प्रकार मिळतात. आत प्लास्टिकचा कडक पत्रा असलेली जीभ लेसचा दाब छान पसरवते, पण तिचं वळण तुमच्या घोट्याच्या वळणाशी जुळायला हवं. जुळलं नाही तर पत्र्याची कडच टोचते.

आणखी एक गोष्ट. जीभ खेळता खेळता बाहेरच्या बाजूला घसरते आणि मग लेस आतल्या बाजूला बुटाच्या काठावरून थेट पायावर बसते. बांधताना जीभ नडगीच्या बरोबर मधोमध आहे का बघा. काही जिभांना मधे लेस ओवायची फट असते, ती वापरा.

जेलची गादी किंवा स्पंज लावून फरक पडतो का?

पडतो, पण बुटात जागा असेल तरच. घोट्याच्या पुढे ओढून घालायची जेलची बाही मिळते. ती दाब पसरवते आणि घासणं कमी करते. दुखरी गाठ एकाच जागी असेल तर त्यापेक्षा चांगला उपाय म्हणजे मधे भोक पाडलेला जाड स्पंज किंवा फेल्ट, मेदूवड्याच्या आकाराचा. गाठ भोकात येते आणि दाब तिच्याभोवती पडतो.

बूट आधीच उथळ असेल तर मात्र गादी घातल्याने जागा आणखी कमी होते आणि दुखणं वाढतं.

बूट उथळ आहे हे कसं कळतं?

बूट घाला, टाच मागे ठोका, लेस बांधू नका, जीभ पुढे ओढून घ्या. आता वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर एक पेन्सिल आडवी ठेवा. पेन्सिल दोन्ही बाजूंच्या कडांवर टेकली आणि पायाला लागली नाही, तर खोली पुरेशी आहे. पेन्सिल पायावर टेकून कडांपासून वर राहत असेल, तर तुमच्या पावलाचा उंचवटा बुटातून वर आलेला आहे. असा पाय लेसने खाली दाबूनच आत बसवावा लागतो. लेस सैल ठेवायचं तुम्ही कितीही ठरवलंत तरी या बुटात ते जमणार नाही.

लेस चावते अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी लेसला हात लावायच्या आधी पेन्सिल मागतो. ज्यांनी सगळे उपाय करून पाहिलेत त्यांचं कारण इथे सापडतं असा माझा अनुभव आहे. बाउअर या कंपनीच्या स्केटमध्ये फिट 1, 2 आणि 3 असे आकार येतात आणि आकडा वाढतो तशी आतली जागा वाढते. सीसीएम या दुसऱ्या कंपनीकडे निमुळता, नेहमीचा आणि रुंद असे तीन आकार असतात. पावलाचा उंचवटा जास्त असणाऱ्याने लांबीचं माप वाढवण्यापेक्षा आकार बदलावा.

स्केटचं माप रोजच्या बुटाइतकंच घ्यायचं ना?

रोजच्या बुटापेक्षा साधारण 1 ते 1.5 मापाने लहान, आणि मग पाय घालून खात्री. सरळ उभं राहिल्यावर बोटांची टोकं पुढच्या टोपीला हलकी स्पर्शावीत. गुडघे वाकवले की टाच मागे जाते आणि तो स्पर्श सुटतो. लेस न बांधता पाय पुढे सरकवला तर टाचेमागे फार तर एक बोट मावावं. दोन बोटं मावली तर बूट मोठा, आणि मोठा बूट म्हणजे आवळलेली लेस.

पण मोठमोठे खेळाडू तर अगदी लहान मापाचे स्केट घालायचे असं ऐकलंय.

पॉल कॉफीचं नाव यात नेहमी घेतलं जातं. तो खरोखरच पायापेक्षा बरेच लहान स्केट घालायचा. बॉबी ऑर मोजे न घालता खेळायचा. दोघेही अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमधले थोर बचावपटू, आणि दोघांनाही पायाखालचा बर्फ जवळून जाणवायला हवा होता. त्यांच्या खेळाबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्या दिमतीला रोज स्केट सांभाळणारी माणसं होती. आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याने त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की पाय आणि बूट यांच्यामध्ये जाड थर नको. पातळ, नीट बसणारा एकच मोजा पुरे. दोन जाड मोजे घातले की घड्या पडतात, पाय आत सरकतो आणि पुन्हा हात लेसकडे जातो.

नवे स्केट भट्टीत तापवून घ्यावेत का?

उत्पादकाने तापवायला परवानगी दिलेली असेल तर जरूर. बूट साधारण 80 अंश सेल्सियसच्या आसपास काही मिनिटं तापवतात, मऊ झाला की पाय घालून बांधतात आणि 10 ते 15 मिनिटं नुसतं बसून राहतात. चालायचं नाही. लेस बाजूला ओढायची नाही, समोरच्या दिशेने ओढायची, कारण गरम बुटातून भोकांच्या कड्या उपटून येऊ शकतात. नंतर निदान 24 तास बर्फावर जायचं नाही. तापमान आणि वेळ प्रत्येक बुटाची वेगळी असते, त्यामुळे घरच्या ओव्हनचा प्रयोग करू नका, ज्याच्याकडे यासाठीची भट्टी आहे त्याच्याकडून करून घ्या.

तापवलेला बूट घोट्याच्या हाडांना जागा देतो आणि टाचेला धरतो. मग लेस कमी ताणली तरी भागतं. उथळ बूट मात्र तापवून खोल होत नाही.

बांधायची पद्धत दाखवाल?

आधी सगळी लेस खालपर्यंत सैल करा. घाईत फक्त वरची सोडून पाय कोंबला तर जीभ आत दुमडते. पाय घाला आणि टाच जमिनीवर दोन-तीनदा ठोका. पुढचं टोक ठोकू नका, त्याने पाय पुढे सरकतो. टाच खोबणीत बसली की गुडघा थोडा वाकलेला ठेवून खालून वर बांधत या. पाय लांब पसरून बांधला तर उभं राहिल्यावर तीच लेस काचते, कारण तेव्हा नडगी पुढे येते. लेस ओढायचा आकडा वापरत असाल तर फक्त घोट्याखालच्या दोन भोकांना वापरा. त्याने किती जोर लागतो ते हाताला कळत नाही.

पहिली पाच-दहा मिनिटं बर्फावर फिरून परत या आणि एकदा लेस जुळवा. पाय गरम झाला की थोडा फुगतो आणि मघाशी बरोबर असलेला ताण आता जास्त होतो.

कमानीत पेटके येतात त्याचं काय?

नवीन खेळाडू तोल सांभाळायला बोटांनी बुटाचा तळ धरून ठेवतात. त्याने तळपायाचे छोटे स्नायू थकतात. हे सरावाने जातं. पाऊल सपाट असेल तर कमानीला आधार देणारा आतला तळ घाला. मधल्या टप्प्यावर लेस फार ओढली तरीही असेच पेटके येतात, म्हणून आधी तिथे सैल करून बघा. त्याला पैसे लागत नाहीत.

मुलांच्या स्केटची लेस आईबाबा बांधतात. त्यांनी काय ध्यानात ठेवायचं?

मोठ्या माणसाचा हात आणि लहान पाय यांचा जोर बरोबरीचा नसतो. मूल "पाय झोपला" म्हणालं की ते कंटाळलंय असं समजू नका, लेस सोडा. बांधताना बोटं हलवून दाखवायला सांगा, मग गुडघे वाकवायला सांगा. पुढच्या वर्षीही चालावेत म्हणून दोन मापं मोठे स्केट घेतले जातात आणि ते पायावर टिकावेत म्हणून लेस करकचून आवळली जाते. वाढीसाठी अर्ध्या मापापेक्षा जास्त जागा ठेवू नका. वर्षभर सैल बुटात खेळलेलं मूल नीट वाकायलाच शिकत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुखणं आता सुरू झालेलं आहे. काय करू?

काही दिवस स्केटला सुट्टी द्या. कापडात गुंडाळलेला बर्फ दिवसातून दोन-तीनदा 15 मिनिटं लावा, थेट कातडीवर नको. रोजचे बूटही असे घाला की तिथे लेस किंवा पट्टा येणार नाही. त्या जागेला जोरजोरात चोळू नका. पोटरी हळूहळू ताणायचा व्यायाम करा, कारण पोटरी आखडलेली असली की घोटा पुढे कमी वाकतो. वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळायला उतरणं टाळा. दुखणं कळत नाही, पण कंडरा दाबली जातच राहते.

नुकतंच सुरू झालेलं दुखणं काही दिवसांत उतरतं. महिनोनमहिने अंगावर काढलेलं उतरायला आठवडे जातात.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

बूट काढल्यावरही बधिरपणा जात नसेल, पाऊल किंवा अंगठा वर उचलायला जोर पुरत नसेल, सूज गरम आणि लाल झाली असेल, कातडी फाटली असेल, किंवा विश्रांतीनंतरही दोन आठवड्यांत फरक नसेल, तर जायलाच हवं. मधुमेह असलेल्यांनी पायावरचा साधा ओरखडाही दाखवून घ्यावा.

परत बर्फावर उतरताना?

चालताना आणि अंगठा उचलताना दुखत नसेल तेव्हा उतरा. पहिल्या वेळी अर्धा तास, दुखऱ्या पातळीवर लेसची खिडकी ठेवून, वरचं भोक सोडून. खेळून झालं की लेस पूर्ण उघडा, जीभ पुढे ओढा, आतला तळ काढून बूट वाळू द्या. ओली जीभ दुमडलेल्या अवस्थेत पिशवीत वाळली तर ती घडी तशीच कडक होते आणि पुढच्या वेळी पहिल्या फेरीलाच टोचते.